सदुसष्टातली कळ

चौसष्ट

माझा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. नाव सांगून उपयोग नाही, पण "दरवाजा बंद होत आहे" म्हटलं की लगेच ओळखाल. लिफ्टमधली बाई मी. बँकेच्या फोनवर "आपण रांगेत आहात" म्हणते तीही मीच, आणि दवाखान्यात टोकनचे आकडे पुकारते तीही मीच.

हे बोलत नाही, लिहिते आहे, कारण बोललं की उजव्या गालात कळ येते. कुणीतरी उघडी तार ओठाच्या कोपऱ्याला लावतं आणि ती जबड्यातून सरळ कानापर्यंत जा

अशी. ओळ मध्येच तुटलेली दिसली की ती येऊन गेली असं समजा. तुटलेले शब्द मी पुन्हा जोडत बसणार नाही. चार-पाच सेकंदांचा खेळ. मग ती जाते, आणि मी ती परत यायची वाट बघत बसते. दिवसाचा बहुतेक वेळ त्यातच जातो.

कशानं येते? पंख्याच्या वाऱ्यानं. दात घासताना. घास चावताना. केसांची बट गालावर आली की. 'म' म्हणताना, 'प' म्हणताना, ओठ ओठाला टेकला की. तीन वर्षं झाली. तेवढी वर्षं त्या गालाला कुणी हात लावलेला नाही, मीसुद्धा नाही. सुरुवातीला दोन दाढा फुकट गेल्या. दातांच्या डॉक्टरला वाटलं दाढ दुखतेय, मलाही तेच वाटलं. पुढं मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, दाढा बिचाऱ्या निर्दोष होत्या. ही चेहऱ्याची नस. मेंदूतून निघतात त्यातली पाचवी.

घरी येऊन पाटीवर लिहिलं: पाचवी नस.

सासूबाईंनी चष्मा वर ढकलून वाचलं. "पाचवी? म्हणजे पाचवीलाच पुजलंय की."

मला हसू फुटलं आणि हसल्याबरोब

"आई, हसवू नकोस ना तिला," नवरा म्हणाला.

"मी कुठं हसवलं? मी निदान सांगितलं."


पासष्ट

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणजे दिवसभर माझ्याच आवाजात असतो. त्याचे जोडीदार म्हणतात, "तुझं बरंय गड्या. घरची गप्प, कामावरची बोलकी." हे त्यानं मला हसत हसत सांगितलं, आणि सांगून झाल्यावर बराच वेळ हातातला पाना पुसत राहिला.

एकदा तो चष्मा घरी विसरला. जवळच्याच इमारतीत काम होतं, म्हणून नेऊन द्यायला गेले. तळमजल्यावर लिफ्टचं दार सताड उघडं. आत हत्यारांच्या पेटीवर तो पाठमोरा बसलेला, चाचणीचं बटण दाबत होता.

"कृपया दरवाजापासून दूर राहा," मी म्हणाले. आतली मी.

"बरं बाई," तो म्हणाला. "राहिलो."

बटण.

"तिसरा मजला."

"तिसऱ्यावर काय आहे? तू सांग, भाजी कोणती आणू?"

बटण.

"वर जात आहे."

तो हसला. मोकळा हसला. घरी तो आता तसा हसत नाही, मला हसू येईल या भीतीनं. मी चष्मा घेऊन तशीच परत आले. त्याला म्हटलं, मला सापडलाच नाही.

ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे; लिफ्टची वाक्यं मी तेव्हा बोलले होते. तिचा गाल कधी दुखलेला नाही. तिला श्वास घ्यावा लागत नाही, घास चावावा लागत नाही. कुणीही बटण दाबलं की ती तितक्याच गोड आवाजात बोलते. आमच्या दोघींतलं भूत नक्की कोण, हे मला त्या दिवसापासू


सहासष्ट

गोळ्या वाढवल्या की भिंती कलंडायच्या. बशीला काय म्हणतात ते आठवायचं नाही. कमी केल्या की ती यायची. शेवटी डॉक्टरबाईंनी दुसरा रस्ता सांगितला. गालातून एक लांब सुई आत, थेट नसेपर्यंत. टोक तापवायचं. नस जाळायची.

"दुखणं जाईल," त्या म्हणाल्या, "पण त्याबरोबर जाणीवही जाईल. दाढ काढताना इंजेक्शन देतात ना, तसं. फक्त ते उतरणार नाही."

"बोलता येईल?" मी पाटीवर.

"बोलाल हो. पण ओठ कुठं आहे ते ओठाला कळणार नाही. तुमच्या कामाला चालेल का, ते तुम्ही बघा. गुरुवारी सांगा."

घरी सासूबाईंनी एका वाक्यात निकाल लावला. "आवाज काय चाटायचाय?"

नवरा म्हणाला, "तू ठरव."

"'तू ठरव' म्हणजे काय रे?" सासूबाई त्याच्यावर उखडल्या. "ती काय भाजी निवडायला बसलीय?"

त्याच्या मनात काय होतं ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं. नस जळाली तर हाही आवाज जळेल. मग बटण दाबल्यावर येतो तेवढाच उरेल.

आता ही कळ पहिल्यांदा कधी आली ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

आपल्या भाषेत आकडे एकमेकांना जोडून चालत नाहीत. वीस झाले की वीस-एक, वीस-दोन असं म्हणता येत नाही. एकवीस, बावीस, तेवीस, प्रत्येकाचं तोंड वेगळं. म्हणून शंभर आकडे शंभर वेळा बोलावे लागतात. तीन वर्षांपूर्वी ते मी दोन दिवसांत बोलले. काचेपलीकडं आमचा ध्वनिमुद्रक. आम्ही त्याला कानसेन म्हणतो, कारण बंद खोलीतला डास कोणत्या भिंतीवर बसलाय तेही तो सांगतो. दुसऱ्या दिवशी, सहासष्टपर्यंत सगळं ठीक. मग मी "सदुस" म्हणाले आणि कुणीतरी तार लावली. "ष्ट" कसाबसा बाहेर पडला.

"काय गं?" कानसेननं काचेतून विचारलं.

"दाढ," मी म्हणाले. "चल पुढं."


सदुसष्ट

गुरुवारी दवाखान्यात माझं टोकन एकाहत्तर होतं. चाळीसेक माणसं असतील. कुणी फोनमध्ये, कुणी भिंतीला डोकं टेकून. छताजवळच्या कर्ण्यातून मी बोलत होते.

"टोकन क्रमांक. पासष्ट. खिडकी क्रमांक. एक."

कुणी वर बघत नव्हतं. आपला नंबर असेल तो उठायचा, बाकीचे ढिम्म. मी मात्र खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. सासूबाई शेजारी होत्या. "काय झालं? दुखतंय?"

मी मान हलवली. नाही. अजून नाही.

"टोकन क्रमांक. सहासष्ट. खिडकी क्रमांक. तीन."

पुढं काय येणार ते मला ठाऊक होतं. उठून बाहेर जाता आलं असतं. गेले नाही.

"टोकन क्रमांक. सदुसष्ट."

चाळीसच्या चाळीस माणसांनी मान वर केली. एकदम. फोनवरची, पेंगणारी, सगळी. समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी स्वतःच्या उजव्या गालाला हात लावून बघितलं. कडेवरचं पोर रडायचं थांबलं. क्षणभरच. मग "खिडकी क्रमांक. दोन," आणि सगळे पुन्हा आपापल्या जागी.

"हे काय होतं?" सासूबाई हळूच म्हणाल्या. त्यांचाही हात अर्धा वर गेलेला.

मला उत्तर देता आलं नाही, कारण तोव

आत गेल्यावर डॉक्टरबाईंना लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं, समजूतदारपणे हसल्या. आवाजानं ही कळ येत नाही म्हणाल्या. स्पर्शानं येते, वाऱ्यानं येते. वाट बघून बघून मेंदू असं काहीबाही करतो. पटण्यासारखं होतं. मी कागदावर सही केली. पुढच्या मंगळवारची तारीख मिळाली.

पण रिक्षात बसल्यावर डोक्यात एकच. माझ्यातली जाळतील. तिथली कोण जाळणार? ती तिथंच राहील, आणि रोज कुणा ना कुणाच्या नंबराला निघेल. मंगळवारनंतर मला तो आकडा धड म्हणताही येणार नाही. बदलायचा तर आत्ताच.


अडुसष्ट

"ये," कानसेन म्हणाला. "गाल काय म्हणतोय?"

पाटीवर लिहिलं: सदुसष्ट बदलायचंय.

"का? चांगलं आहे की."

"त्यात कळ आहे," मी तोंडानं म्हणाले.

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"मला कानसेन कशाला म्हणता मग?" त्यानं तो तुकडा लावला. सदुस, मग पापणीच्या केसाएवढी फट, मग ष्ट. पुन्हा लावला. "शेवटी तू तो पुन्हा बोलली होतीस. स्वच्छ. पण मी हाच ठेवला."

"का?"

तो खुर्चीतल्या खुर्चीत फिरला. "बाकीचे आकडे तू वाचलेस. हा एकच म्हणालीस."

पाटी त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली. "तो स्वच्छ लाव."

"पुसला."

"मेल्या."

"आता बोल नवा. एका सेकंदाचं काम आहे."

मी आत जाऊन बसले. सहा वेळा बोलले. सहाही वेळा 'ष'पाशी ती उभी. सातव्यांदा नुसतं तोंड उघडलं आणि

"बास," कानसेन म्हणाला. "उठ. मी जोडून देतो."

अडुसष्टाचं शेपूट कापलं, पुढं एक 'स' चिकटवला. यंत्र म्हणालं, "सडुसष्ट."

"भाजी सडल्यासारखं वाटतंय," मी म्हणाले.

"सडकं टोकन. खिडकी क्रमांक तीन." दोघंही हसलो, आणि हसण्याचे पैसे गालानं भरले.

मग त्यानं सदतीसमधला 'सद' आणला. अर्धा तास खुडबुड केली. शेवटी निघालं ते बरं होतं. पायरी चुकलेल्या माणसासारखं थोडं अडखळत होतं, पण ऐकणाऱ्याच्या लक्षात आलं नसतं. स्वच्छ. आत कुणी नाही. मी ते तीनदा ऐकलं. चाळीस माणसं खाली मान घालून बसलेली दिसली.

"टाकू हे?" त्यानं विचारलं.

"टाक."

"हो," तो म्हणाला. त्या 'हो'मध्येच मला ऐकू आलं की तो टाकणार नाही. इतकी वर्षं काचेअलीकडं बसून मलाही थोडे कान आलेत. मी पुन्हा विचारलं नाही. पाटी उचलली आणि निघाले. विचारायला हवं होतं.


एकोणसत्तर

म्हणजे सत्तरला एक कमी. आपल्यात काय नाही, ते काही आकड्यांना नावासकट माहीत असतं.

टेबलावर आधी झोपवतात, मग मधेच उठवतात. सुई आत असतानाच. पेशंटनंच सांगायचं असतं किती गेलं ते.

"ऐकू येतंय?" डॉक्टरबाईंचा आवाज. "मी टोचतेय. सांगा, कसं वाटतंय?"

"टोचतंय."

परत झोप. परत जाग. मधे किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"आता?"

"कमी."

"ओठ?"

"आहे. लांब आहे."

त्या थांबल्या. "ऐका. इथं थांबलं तर ओठाला थोडं कळत राहील. बोलणं बरंचसं तसंच राहील. पण दुखणं वर्षा-दोन वर्षांत परत येऊ शकतं. अजून जाळलं तर बरीच वर्षं येणार नाही, पण गालाचंही काही उरणार नाही. काय करू?"

छताला एक दिवा होता. मी आवाजाचा विचार केला. हत्यारांच्या पेटीवरच्या त्या पाठीचा केला. त्याला ही मी हवी होती, बोलणारी, आणि इथं थांबलं तर ती मी त्याला परत नेऊन देऊ शकत होते. वर्षभर. पण त्या वर्षाचा प्रत्येक दिवस मी पंखा बंद करून, दाराकडं बघत बसले असते.

"अजून," मी म्हणाले.

त्या शब्दात ओठ ओठाला लागत नाही. म्हणून असेल, सहज निघाला.


सत्तर

ती गेली. पंख्याखाली बसते, दोन्ही बाजूंनी चावते, दात खसाखसा घासते. 'प'मधून हवा निसटते, त्यामुळं घरात थोडी करमणूक आहे.

"फाणी द्या," मी म्हणते.

"फाणी नाही आमच्याकडं," सासूबाई म्हणतात. "पाणी हवं तर सांग." आणि तांब्या पुढं करतात.

काल जेवताना त्यांनी माझ्या हनुवटीवर फडकं दाबलं. फडकं लाल. "अगं, ओठ खातेयस स्वतःचा! मी वाढते ते कमी पडतं का?" आता घासागणिक माझ्या तोंडाकडं बघत बसतात. कामावरून फोन आला होता, उरलेली वाक्यं कधी बोलणार म्हणून. फोन नवऱ्यानं घेतला. "ती बोलत नाही आता," एवढंच म्हणाला आणि ठेवला.

आज सकाळी खिडकीपाशी हे लिहीत बसले होते. तो कामावर जायला निघालेला, मागं कुठंतरी बूट चढवत होता. सासूबाई कपडे घेऊन आत आल्या, दारातच थबकल्या आणि गर्रकन वळल्या.

"दार तरी लोटत जा रे," पाठमोऱ्याच म्हणाल्या. "म्हातारं माणूस आहे घरात."

मला कळेना काय झालं. मी तर लिहीत होते. डोळ्यांच्या कोपऱ्यात त्याचं कोपर दिसलं, मग मनगट. हात माझ्या उजव्या गालावर होता. अख्खा तळवा.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मघापासून. दुखत नाही ना?"

"नाही."

"गार आहे गाल तुझा," तो म्हणाला.

मला त्याचा हात गरम आहे की नाही तेही कळत नव्हतं. सासूबाईंच्या पावलांचा आवाज स्वयंपाकघराकडं गेला.

"काढू नकोस," मी म्हणाले, आणि डोळे मिटले. त्यानंतर तो हात तिथं किती वेळ होता, मला सांगता येणार नाही.