आधी आजी, मग देवश्री

शाळा बंद पडली तेव्हा प्रेमलाबाईंनी पदर खोचला होता, हे आधीच सांगून ठेवायला हवं. नाहीतर पुढचं ऐकून लोक म्हणतील, बाईला नातीची फिकीर नव्हती. फिकीर नव्हती? अहो, फिकिरीनंच तर सगळा घोळ केला!

कोरोनाचं पहिलं वर्ष. रायपुरात रोज कुठला ना कुठला मोहल्ला बंद होत होता. ब्राह्मणपाऱ्यातल्या दोन खोल्यांत आजी आणि दुसरीतली नात देवश्री अशा दोघीच उरल्या होत्या. मुलगा नरहरी मालगाडीवर गार्ड, आज इकडे तर उद्या तिकडे. सून राधिका दवाखान्यात नर्स, तीही कच्च्या नोकरीवर. कोरोना वार्डात ड्यूटी लागली तशी ती दवाखान्यानं दिलेल्या लॉजवर राहायला गेली.

जाताना उंबऱ्यात उभी राहून तिनं एकच गोष्ट सांगितली.

"आई, बाकी काही नाही झालं तरी चालन, पण हिचं वाचन सोडू नका. मॅडमनं मले साफ सांगितलं आहे, शाळा उघडल्यावर वाचता नाही आलं तर पुन्हा पहिलीत बसवू. अन् तुमच्यानं नसन होत तर लपवू नका. मी नोकरी सोडून घरी येईन."

नोकरी सोडून! कितीतरी वर्षं राधिका पक्की होण्याची वाट पाहत होती. ऐन आणीबाणीत पाठ फिरवली तर पुन्हा तिला दारात कोण उभं करणार होतं? प्रेमलाबाईंनी मनाशी पक्कं केलं, काही झालं तरी सुनेवर घरी यायची पाळी येऊ द्यायची नाही.

मग सुरू झाली शिकवणी. त्यांना जशी येत होती तशी. लहानपणी त्या आजोबांसमोर मांडी घालून रामरक्षा शिकल्या होत्या. आजोबांनी ओळ म्हणायची, मागून आपण म्हणायची. नरहरीलाही त्यांनी तशीच शिकवली. आता रामरक्षेच्या जागी शाळेचं हिंदी पुस्तक आलं, एवढंच. आधी आजी म्हणणार, मग देवश्री. महिनाभरात पोट्टी धडेच्या धडे घडाघडा वाचायला लागली. रोज दुपारी राधिकाचा व्हिडिओ कॉल आला की बोट ओळीवर ठेवून ती एक धडा वाचून दाखवायची. पलीकडे राधिका हनुवटीला हात लावून ऐकत राहायची, आणि इकडे आजीचा ऊर भरून यायचा. शेजारणीला खिडकीतून सांगून झालं, नरहरीला फोनवर सांगून झालं, दूधवाल्यालासुद्धा सांगून झालं.

त्या दिवशी जेवणं आटोपल्यावर देवश्री फोनच्या आधी सराव करत बसली होती. धडा पोपटाचा. पंखा जोरात होता. पान फडफडलं आणि उलटलं. नवीन पानावर बैलगाडीचं चित्र होतं. देवश्रीचं बोट त्या नव्या पानावरच्या ओळींवरून तसंच सरकत राहिलं आणि तोंडात पोपटच पिंजऱ्यातून उडत राहिला.

प्रेमलाबाईंच्या हातातली सुपारी तशीच राहिली. त्यांना आधी वाटलं, पोरगी चेष्टा करून राहिली.

"थांब," त्या म्हणाल्या. "हे काय लिहिलं आहे, वाच बरं."

देवश्रीनं पुस्तकाकडे पाहिलं, मग आजीकडे.

"आजी, पहले तू बोल ना. फिर मैं बोलूंगी."

"मी नाही बोलत. तू वाच. हे पहिलं अक्षर कोणतं?"

"तू बोलेगी तभी तो आएगा," देवश्री वैतागून म्हणाली. "किताब में वही आता है जो तू बोलती है."

प्रेमलाबाईंनी पान उलटलं, आणखी एक उलटलं, मोठ्या टायपातलं कवितेचं नाव दाखवलं. पोरीला क येत होता, ग येत होता, बाकी सगळा अंधार. एवढे महिने आपण हिला वाचायला शिकवतोय म्हणून मिरवलो आणि शिकवलं काय, तर आपल्या मागून म्हणायला! आपल्याच तोंडात मारून घ्यावं असं त्यांना झालं. राधिकाला काय सांगायचं? आणि सांगितलं तर?

एवढ्यात फोन वाजला.

नेहमीप्रमाणे त्यांनी फोन डब्याला टेकवून ठेवला, देवश्रीला समोर बसवलं आणि स्वतः कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बाजूला सरकल्या. पडद्यावर आज राधिकाचा चेहराच नव्हता. पांढऱ्या पीपीई किटमधल्या तिघीजणी ओळीनं उभ्या होत्या. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या, डोळ्यांवर चष्मे, तोंडावर मास्क. उंचीही तिघींची सारखीच. कोण कोणती, ओळखायची सोय नव्हती. म्हणून तर प्रत्येकीच्या छातीवर मार्करनं नाव लिहिलेलं होतं.

फोन वार्डबॉय देवीदासनं धरला होता. तो हसत म्हणाला, "गुड़िया, आज पाठ नहीं पढ़ना है. सिस्टर बोल रही हैं, आज नाम पढ़ना है. बताओ, इसमें से तुम्हारी मम्मी कौन सी?"

तिघीही मुद्दाम गप्प, हात बांधून उभ्या. हलल्या तर खेळ फुटणार होता.

देवश्रीनं पडद्याजवळ नाक नेलं. डावीकडची पाहिली, उजवीकडची पाहिली. पुन्हा पहिलीवर आली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. प्रेमलाबाईंना बाजूनंही स्वच्छ दिसत होतं: शेवंता, राधिका, मोनाली. एवढी मोठी अक्षरं, आणि पोरगी त्यांच्यावरून नजर फिरवत होती, कोऱ्या भिंतीवरून फिरवावी तशी.

"जल्दी बताओ, अंदर जाना है," देवीदास म्हणाला.

देवश्रीचे डोळे भरून आले. तिनं मान वळवली आणि आजीकडे पाहिलं.

चुकली तर राधिकाला या क्षणी सगळं कळेल. ती तिथल्या तिथे किट उतरवेल आणि राजीनामा लिहून देईल. आणि खरं सांगायचं तर आपलं पितळ उघडं पडेल, ही भीतीही होतीच. नाही कशाला म्हणायचं? प्रेमलाबाईंचे ओठ आवाज न करता हलले. बीचवाली.

अक्षरं येत नव्हती, पण आजीचे ओठ पोरगी बरोबर वाचत होती.

"बीचवाली!" देवश्री ओरडली.

मधल्या पांढऱ्या किटनं टुणकन उडी मारली. दोन्ही हात हवेत गेले. बाजूच्या दोघींनी टाळ्या पिटल्या, हातमोज्यांचा फटफट आवाज आला. "सही पकड़ा!" देवीदास म्हणाला. "अरे, सिस्टर तो रोने लगीं. चश्मे में भाप आ गई. आजी, सिस्टर बोल रही हैं, अब उनको कोई टेंशन नहीं." मागून कुणीतरी हाक मारली, तिघी वळल्या, आणि फोन बंद झाला.

प्रेमलाबाई भिंतीला टेकल्या. सुटलो, असं त्यांना वाटलं. नोकरी वाचली. वाचन काय, उद्यापासून नव्यानं शिकवू, कुणाला कळतंय!

देवश्री मात्र काळ्या पडद्याकडेच पाहत बसली होती.

"आजी," ती हळूच म्हणाली, "तू बाजू में नहीं रहेगी, तो मम्मी कौन सी है, मेरे को कैसे पता चलेगा?"

प्रेमलाबाईंना हुंदकाच फुटला. त्यांनी पोरीला कवटाळलं, मग झटकन फोन उचलून राधिकाला लावला. फोन बंद. किट घालून आत गेली की ड्यूटी संपेपर्यंत फोन बाहेरच. ठीक आहे. बाहेर आली की सांगायचं, सगळं सांगायचं. चिडू दे, रडू दे, घरी यायचं का नाही तेही तिलाच ठरवू दे. पण आता हिच्याशी खोटं नाही आणि तिच्याशीही नाही.

त्यांनी डोळे पुसले, खडू घेतला आणि फरशीवर मोठं अक्षर काढलं. रा.

"हे तुया मम्मीच्या नावातलं पहिलं अक्षर आहे. वाच."

देवश्री अक्षराकडे पाहत राहिली. मग सवयीनं तिची नजर वर आली, आजीच्या तोंडाकडे.

"म…? मम्मी?"

प्रेमलाबाईंनी नकारार्थी मान हलवली. उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी पदराचा बोळा करून तोंडावर दाबून धरला आणि बोटानं पुन्हा फरशीकडे खूण केली.