सात नंबरची गदा

मानसिंगची गदा त्याच्या बापाला परत मिळाली नाही ती माझ्यामुळं. यंत्रामुळं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुणाला शोधत बसायला नको.

मी मयूरी. वडूजची. कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही, माझी मीच शिकले. आता सांगलीत राहते आणि संस्थांच्या कार्यक्रमांची कामं घेते. पाहुण्यांची नोंदणी, पास, याद्या, असलं काहीबाही. तर एका ट्रस्टनं लिलाव ठेवला होता. जतला डायलिसिसचं केंद्र काढायचं, त्यासाठी लोकांनी वस्तू द्यायच्या, लोकांनीच बोली लावून घ्यायच्या.

बोली दोन ठिकाणी लागणार होती. हॉलमध्ये बसलेले हात वर करणार, त्याची नोंद एका सॉफ्टवेअरमध्ये. बाहेरचे मोबाईलवर बोली लावणार, ते सॉफ्टवेअर वेगळं. एक पुण्याच्या कंपनीचं, दुसरं कुणाच्यातरी भाच्यानं फुकटात करून दिलेलं. दोघांची एकमेकांशी बोलचाल नाही, बांधावरून फाटलेल्या भावांसारखी. मधे मी. दर दोन मिनिटांनी मोबाईलच्या बोलींची फाईल उतरवायची आणि हॉलच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायची. कुठली बोली कुठल्या वस्तूवर, हे वस्तूच्या नंबरावरून ठरायचं. नाव ते बघतच नव्हतं. नंबर बघायचं.

गदा आणायला महिनाभर आधी मीच गेले होते, ट्रस्टचे सेक्रेटरी गोपाळकृष्ण सरांबरोबर. जतच्या पुढं, नाथाजींच्या घरी. नाथाजी म्हणजे फौजेतनं रिटायर झालेले हवालदार. मानसिंग त्यांचा एकुलता एक. तालमीतला पैलवान. जत्रेतल्या शेवटच्या कुस्तीत ती चांदीची गदा त्यानं मारली होती. पुढं किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा एसटीनं मिरजेला जायचा, सुया टोचून घ्यायचा, परत यायचा. एके दिवशी कवठेमहांकाळच्या स्टँडवर, सीटवर बसल्या बसल्याच गेला. कंडक्टरला वाटलं झोपलाय.

सर चहा पिता पिता म्हणाले, "नाथाजी, मानसिंगची गदा लिलावात ठेवा. केंद्र कशासाठी काढतोय ते लोकांना दिसू दे. द्यायची नाही हो, ठेवायची."

रंगूबाई, मानसिंगची आई, दारात उभी होती. ती म्हणाली, "आन् कुनी बोलून न्हेली म्हंजी?"

"कोण नेतंय वहिनी? तुमच्याकडं देवापुढं वस्तू वाहतात. तिचा लिलाव होतो. मग घरचाच माणूस बोली लावून सोडवून घेतो. त्याच्या बोलीवर दुसरा कुणी चढवतो का?"

"न्हाई चढवत," नाथाजी म्हणाले. "पाप लागतंय."

"मग? हे तसंच समजा."

रंगूबाई म्हणाली, "ते देवाचं असतंय. ह्ये तुमचं हाय."

सर हसले. नाथाजींनी बायकोकडं रागानं बघितलं आणि गदा शालीत गुंडाळून सरांच्या हातात दिली. शाल मात्र ठेवून घेतली. म्हणाले, "परत आनायला लागंल की."

त्यांनी माडग्याळी मेंढा विकला. पोपटाच्या चोचीगत नाकाचा, तालुक्यात नावाजलेला. "पोराच्या नावाला एक लाख एक हजारच्या खाली बोलायचं न्हाई," असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. मोबाईलवर बोलणाऱ्यानं रक्कम आधी भरून ठेवायची असा नियम होता. त्यांनी ती भरली.

लिलाव रविवारी दुपारी तीनला. हॉलला पास. नाथाजी आणि त्यांची नात शिवांजली, मानसिंगची पोरगी, बारावीला आहे, दोघं अडीचलाच आले. फेटा बांधलेला, बिल्ले लावलेले, काखेत ती शाल. पास नाही म्हणून दारावरच्या माणसानं अडवलं. सरांनी बघितलं आणि लांबूनच म्हणाले, "तुम्हाला मोबाईल आहे ना नाथाजी! खाली पार्किंगमध्ये बसा, झाडाची सावली आहे चांगली."

"व्हय साहेब," नाथाजी म्हणाले आणि खाली गेले. ज्याच्या पोराच्या नावानं आत रडायचं ठरलं होतं, तो बाप गाड्यांच्या मधे उकिडवा बसला.

तेवढ्यात सर माझ्याकडं आले. यादी चाळली. "अगं, मानाचा नारळ कुठंय?"

"नारळाची बोली लागते?"

"वडूजला नारळ फोडत नाहीत का गं? लिलाव नारळाशिवाय सुरू होतो कधी? जयराजदादा दरवर्षी घेतात तो. आधी घाल, सगळ्यांच्या वर."

मी हॉलच्या सॉफ्टवेअरमध्ये नारळ घातला, पहिला. खालचे सगळे नंबर आपोआप एकेकानं सरकले. गदा सातवी होती, ती आठवी झाली. मोबाईलच्या यादीत नारळ घातला नाही. जयराजदादाच घेणार म्हटल्यावर मोबाईलवर कोण बोलणार, असं वाटलं. तिथं गदा सातच राहिली.

ही माझी चूक. चूक माफ होते. पुढचं होत नाही.

नारळ जयराजदादांनी घेतला. फर्निचरच्या तीन शोरूमचे मालक, ट्रस्टचे मोठे देणगीदार. मग पैठणी, मग हॉटेलात दोन दिवस मुक्काम, मग असंच काहीतरी. मोबाईलवरून आलेल्या बोली किरकोळ होत्या, हॉलनं त्या केव्हाच मागं टाकल्या, म्हणून कुणाला काही कळलं नाही. मलाही नाही.

सात नंबरला आली मसाजची खुर्ची. जयराजदादांच्याच शोरूमनं दिलेली. हॉलमध्ये बोली अठरा हजारांवर अडकली. मी फाईल चढवली आणि पडद्यावर आकडा उमटला. निवेदक ओरडला, "मोबाईलवरून एक लाख एक हजार! नाथाजी, जत!"

टाळ्या. मागून कुणीतरी म्हणालं, "जतला मसाज लागतोय गड्या!"

"मेंढरं वळून वळून कंबर गेली आसंल!"

हॉल खो खो हसला. खुर्ची नाथाजींच्या नावावर गेली.

मला त्याच क्षणी कळलं. मी उठून सरांकडं गेले. "सर, नारळामुळं नंबर चुकला. ती बोली गदेची आहे."

सर हुशार आहेत. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. "दुरुस्त करायला किती वेळ?"

"एक मिनिट. माईकवर सांगायचं फक्त."

सरांनी जयराजदादांकडं बघितलं. दोन-तीन माणसं त्यांचा हात हातात घेऊन हलवत होती. दादांची खुर्ची लाखाला गेली होती. शेजारी साताऱ्याहून आलेले प्रमुख पाहुणे बसले होते, तेही मान डोलवत होते.

"आता सांगू की तुमची खुर्ची अठराचीच? सगळ्यांसमोर?"

"पण गदा, सर. ते खाली बसलेत."

"गदेला कोण बोलतंय? तशीच देऊ त्यांना नंतर. बस तू."

मी बसले. माईक चार हातांवर होता. मला बोलता येतं. आवाजही चांगला आहे माझा.

खिडकीतून पार्किंग दिसत होतं. नाथाजींच्या मोबाईलवर निरोप गेला असणार: अभिनंदन, सात नंबर तुमचा. कारण म्हातारा उभा राहिला होता. नातीच्या डोक्यावर हात ठेवला, फेटा सारखा केला आणि शाल झटकून तिची घडी उलगडली.

इकडं आठ नंबर. निवेदकानं मानसिंगची गोष्ट सांगितली. एसटी, सुया, कवठेमहांकाळचा स्टँड. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. बोली एकवीस हजारांपासून. मोबाईलवरून काहीच नाही. जयराजदादांनी हात वर केला, पंचवीस. दादांवर कोण चढवणार? तिथंही पाप लागतं, फक्त वेगळं. एक वार, दोन वार, तीन वार.

दादांनी गदा घेतली आणि तिथंच पाहुण्यांच्या खांद्यावर ठेवली. "ही तुमच्याच खांद्याला शोभते!" फोटो. सर टाळ्या वाजवत होते. मी त्यांच्या हातांकडंच बघत होते.

पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम होता. ते निघाले. खाली गाडी आली, मागच्या सीटवर गदा ठेवली, दांडा खिडकीतून वीतभर बाहेर. गाडी नाथाजींच्या अंगावरूनच गेली म्हणा. म्हातारा बाजूला सरला, टाचा जुळवल्या आणि मोठ्या माणसाच्या गाडीला कडक सॅल्यूट ठोकला. दांडा त्याच्या छातीपासून दोन हातांवरून गेला. नजर फौजेतल्यासारखी सरळ होती. त्याला दिसला नाही.

सर माझ्या टेबलाशी आले. "आता दोन्ही याद्या जुळव. एका ठिकाणी एक आणि दुसरीकडं दुसरं, असं नको. उद्या कुणी विचारलं तर?"

"गदा तर गेली, सर."

"म्हणूनच जुळव म्हणतोय. आणि पुढच्या वर्षी नारळाला आधीच नंबर दे."

पुढच्या वर्षीचं काम मला मिळणार हे मला त्यातून कळलं. मी मोबाईलच्या यादीत नारळ वर घातला. वस्तूंची नावं एकेक घर खाली सरकवली, बोली जागच्या जागी ठेवल्या. सात नंबरला मसाज खुर्ची आली. बोली तीच, नाव तेच: नाथाजी, जत. सर म्हणाले म्हणून केलं असं मी म्हणणार नाही. बोट माझं होतं.

मग विजेत्यांना वर बोलावलं. नाथाजी शाल पसरून, दोन्ही हात पुढं करून आले. लहान मूल घ्यायला येतात तसे. स्टेजवर खुर्ची होती.

"गदा कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

निवेदक म्हणाला, "बाबा, तुम्ही खुर्ची जिंकलीत! बसा, बसा, फोटो घेऊ."

दोघांनी दंडाला धरून बसवलं आणि कुणीतरी बटण दाबलं. खुर्ची थरथरायला लागली. फेटा हलायला लागला, बिल्ले एकमेकांवर वाजायला लागले. लोक पोट धरून हसले. शाल मांडीवर घट्ट धरून म्हातारा थरथरत राहिला, कारण खुर्ची बंद कशी करायची ते त्याला माहीत नव्हतं.

शेवटी शिवांजलीनं त्यांना ओढून उठवलं आणि तरातरा माझ्या टेबलाशी आणलं. नाथाजी म्हणाले, "बाई, तुमी आमच्या घरी आलावता. चा पिऊन गेलावता. खरं सांगा. ह्ये यंत्रानं केलं, का मानसानं?"

सर माझ्या मागंच उभे होते. पण ते नसते तरी मी हेच म्हणाले असते.

"यंत्रानं, बाबा."

"खोटं!" शिवांजलीनं मोबाईल माझ्या तोंडापुढं धरला. "मगाशी हितं गदा लिवली व्हती. सात नंबर, गदा. माज्या डोळ्यांदेखत खुर्ची झाली. यंत्र आपलं आपन नाव बदलतंय व्हय? आजा, हिनं केलंय ह्ये! हिनंच!"

"शिवे!" नाथाजी असे ओरडले की मागची माणसं वळली. "गप! शिकल्यालं मानूस हाय ती. तुज्या बापाच्या नावानं दवाखाना काढत्यात ही मानसं, आन् तू त्यांच्यावर आळ घेतीस? यंत्राला काय कळतंय कुनाचं काय ते. माफी माग. पाया पड बाईंच्या."

पोरगी हलली नाही. म्हाताऱ्यानं तिच्या मानेवर हात ठेवला आणि तिला वाकवलं.

ती वाकली. वाकताना वर माझ्याकडं बघत होती.

मी पाय मागं घेतले नाहीत. म्हणाले, "असू दे."