बुवांचं पथ्य

अनिरुद्ध दिवसभर खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर असे आणि दर गुरुवारी संध्याकाळी नारायण पेठेतल्या राममंदिरात कीर्तनकार. कंपनीत त्याला 'अनी' म्हणत, देवळात 'बुवा'. ही दोन माणसं एकाच देहात राहत होती, आणि दोघांपैकी एकानेही त्या देहाला कधी वेळेवर जेवू घातलं नाही.

कंपनीच्या तपासणीत त्याला साखर निघाली. डॉक्टरांनी फार काही अवघड सांगितलं नव्हतं. वेळेवर खा, थोडं थोडं खा, जेवल्यावर चाला, अनवाणी फिरू नका आणि रोज पाय बघा.

"पाय रोज बघतोच की मी," अनिरुद्ध हसत म्हणाला होता. "रामाचे."

"स्वतःचे बघा," डॉक्टर म्हणाले होते, न हसता.

त्याची बायको अक्षता रोज सकाळी डबा भरायची. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, काकडीची कोशिंबीर, बाटलीत ताक. इतर दिवशी तो अर्धामुर्धा खाल्लेला परत यायचा, मीटिंग लांबली म्हणून. गुरुवारी मात्र झाकणसुद्धा उघडलेलं नसायचं.

"भरल्या पोटी आवाज लागत नाही गं."

"कीर्तन संध्याकाळी. दुपारच्या भाकरीने संध्याकाळचा आवाज बसतो?"

"आणि खाल्लंच नाही तर साखर वाढणार कुठून? इनपुट नाही तर आउटपुट कसं येईल?"

हे तो चेष्टेत म्हणत नव्हता. त्याला खरोखर तसं वाटायचं. लहानपणापासून उपासाला तो देवाच्या जवळचा रस्ता समजत आला होता, आणि आता त्याच रस्त्याने तब्येतही सुधारेल असा त्याचा भाबडा हिशेब होता. दिवसभराची ती भूक रात्री मालनबाईंच्या शिऱ्यावर तुटून पडायची. मालनबाई देवळातला प्रसाद करत. वाटीभर तुपाचा शिरा त्या बुवांच्या हातात ठेवत, आणि प्रसादाला नाही म्हणायचं नसतं.

"गादीवरून लोकांना सांगतोस, नामाचं औषध घ्या, पण पथ्य पाळा," अक्षता एकदा म्हणाली. "ते पथ्य फक्त श्रोत्यांना का?"

"अगं, ते पथ्य निराळं. परनिंदा करू नये, खोटं बोलू नये..."

"आणि बायकोची भाकरी परत आणू नये, हे कुठे येतं? पूर्वरंगात की उत्तररंगात?"

तो मनापासून हसला. पुढच्या गुरुवारी डबा पुन्हा भरलेलाच आला.

त्या दिवशी वाहतुकीत अडकून तो उशिरा पोचला. देवळाचे विश्वस्त आप्पासाहेब दारातच उभे होते. "या बुवा. फळ्यावर सहा लिहिलंय. खराडी परदेशात गेली असेल तर सांगा, आम्ही घड्याळ बदलतो."

अनिरुद्धने बूट काढले, मोजे काढले, धोतर नेसून उपरणं घेतलं आणि गादीसमोर डोकं टेकलं. कीर्तनाला येणारे जाणतात की ती नुसती पांढरी चादर नसते. ती नारदांची गादी. तिच्यावर उभा राहिला की कालचा पोरगासुद्धा अहो-जाहोचा होतो. तिथे पायात काही घालायचं नाही आणि कीर्तन सुटेपर्यंत खाली बसायचं नाही.

त्या दिवशी बुवांचा आवाज असा लागला होता की पेटीवाल्याने दोनदा मान वर करून पाहिलं. मध्यंतराला हार झाला, बुक्का झाला. मालनबाई पाया पडायला वाकल्या आणि लवकर उठल्याच नाहीत. चादरीवर लाल ठसे होते. दुपारी देवळात बायकांचं हळदीकुंकू झालं होतं आणि कुणाची तरी बांगडी फुटली होती. काचेचा तुकडा बुवांच्या अंगठ्याखाली रुतला होता, आणि बुवांना पत्ताच नव्हता.

"बुवा, पाय," मालनबाई कुजबुजल्या.

बुवांनी खाली पाहिलं. वाकून तुकडा उपटला, उपरण्याच्या टोकाने पाय दाबून पुसला. अक्षता बायकांमधून अर्धवट उठली होती. त्यांनी तिला हातानेच बस म्हणून खुणावलं आणि चिपळ्या उचलल्या. गादीवरून मध्येच उतरत नाहीत.

मध्यंतरानंतर, कथेच्या उत्तररंगात, जटायू होता. बुवांनी उपरण्याचे पंख केले, झेप घेतली, रावणाचा वार झेलला. मंडळी रडली. अक्षताही रडत होती, पण तिची नजर पंखांवर नव्हती.

रिक्षात ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

"अगं, दुखत नाहीये."

"दुखत नाही, हेच तर वाईट आहे! साखरेने पाय बधिर केलाय."

"सोमवारी रिलीज आहे. ते झालं की तू म्हणशील तिथे येतो. रामाची शपथ."

घरी तिने जखम धुतली, पट्टी बांधली. रामाची शपथ तिला ओलांडता आली नाही. दुसऱ्या दिवसापासून तो बूट घालून खराडीला जात राहिला, बिस्किटं आणि मशीनच्या कॉफीवर. पाय बुटात सुजत होता आणि त्याला काही कळत नव्हतं. रविवारी थंडी वाजून ताप भरला, तेव्हा त्याने स्वतःच तिला हाक मारली.

दवाखान्यात आधी अंगठा काढला. जखमेचं विष पसरायचं थांबेना, म्हणून गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

कंपनीने घरून काम करायची सवलत दिली. कृत्रिम पाय बसला. त्यावर चार पावलं टाकता यायची, आधाराने थोडं उभं राहता यायचं. आता तो अगदी वेळेवर जेवतो. भाकरी, उसळ, कोशिंबीर, सगळं सावकाश चावून. अक्षताला इतकी वर्षं हेच तर हवं होतं. समोर बसून ती त्याला जेवताना बघते, आणि तिच्या स्वतःच्या ताटातली भाकरी तशीच वाळते.

आप्पासाहेब घरी आले. या खेपेला त्यांनी घड्याळाची थट्टा केली नाही. म्हणाले, "बुवा, खुर्चीवर बसून करा. राम काही म्हणायचा नाही."

"राम नाहीच म्हणायचा, आप्पासाहेब. पण बसून करतात ते प्रवचन. कीर्तन उभ्याने करतात."

"मग प्रवचन करा. पण या हो. देऊळ सुनं वाटतं."

गुरुवारी तो गेला. गादी घातली नव्हती, एक खुर्ची होती. प्रवचनाला साथ नसते, म्हणून तबलजी श्रोत्यांत मांडी घालून बसला होता. अनिरुद्ध चांगलं बोलला. शब्द तेच होते, अर्थ कदाचित अधिक खोल गेला होता. पण सीताशुद्धीच्या कथेत मारुतीच्या उड्डाणाशी आला तेव्हा त्याचे खांदे आपसूक वर उचलले गेले, हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले, आणि तो थांबला. सगळ्यांनी माना खाली घातल्या. तबलजीची बोटं मांडीवर हलत होती, त्याने ती मुठीत मिटून घेतली.

"आणि मारुती लंकेत पोचला," अनिरुद्ध हळू म्हणाला आणि पुढे गेला.

शेवटी आरती लागली. सारं देऊळ उभं राहिलं, अक्षताही राहिली. अनिरुद्धने उठायचा प्रयत्न केला, पण तासभर बसून उरलेला पाय कृत्रिम पायाच्या खोबणीत सुजला होता. दोनदा जोर लावून तो परत टेकला. उभ्या माणसांच्या पाठींमुळे त्याला राम दिसत नव्हता.

अक्षताने ते पाहिलं. ती खुर्चीशेजारी जमिनीवर बसली.

"अगं, ऊठ. आरती चाललीय."

"चालू दे."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. टाळ्या वाजव. त्या बसूनही वाजतात."

तो टाळ्या वाजवू लागला. ज्याच्या तालावर इतकी वर्षं सारं देऊळ टाळी धरत आलं होतं, त्याची टाळी त्या दिवशी पुन्हा पुन्हा मागे पडत होती. ती आपली टाळी त्याच्या टाळीसाठी थांबवत राहिली.