सातवे बदक

मुलांनो, इकडे बघा. हा पुठ्ठा आहे. पुठ्ठ्याला निळा रंग दिला की त्याचे तळे होते. तळ्यामागे एक काका बसले आहेत. ते आपल्याला दिसत नाहीत, आणि दिसले तर साहेब रागावतात. काकांच्या हातात दोऱ्या आहेत. दोरी ओढली की लाकडी बदक तळ्यावर येते. बदकाच्या पोटावर अंक रंगवला आहे. समोर फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक घालून पाच वर्षांची मुलगी उभी आहे. बदक आले की ती अंक वाचते.

एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. आठ.

हसू नका. हसायची वेळ नंतर आहे.

•

काय झाले होते ते आत्ताच सांगून टाकू. सातव्या बदकाच्या बुडाचा खिळा पुठ्ठ्याच्या खाचेत अडकला. काकांनी ओढले, हिसका दिला, बदक हलेना. स्टुडिओ बातम्यांसाठी रिकामा करून द्यायचा होता, बातम्या वाचणारे गृहस्थ दारात टाय सारखा करत उभे होते. काकांनी आठवे बदक ओढले. मुलीने जे आले ते वाचले. म्हणजे तिचे काहीच चुकले नव्हते. दुसरे एखादे हुशार मूल असते तर न आलेल्या बदकालाही सात म्हणून मोकळे झाले असते.

पण कॅमेरा त्या क्षणी तळ्यावर नव्हता, मुलीच्या तोंडावर होता. त्यामुळे साऱ्या जगाला दिसले ते एवढेच, की ही पोर सात विसरली.

पुन्हा चित्रीकरण करायला कुणाला वेळ झाला नाही. तो तुकडा तसाच दाखवला गेला, आणि मग दाखवतच राहिले. सामना पावसाने थांबला की बदके. मंत्र्यांचे भाषण यायला उशीर झाला की बदके. एक अख्खी पिढी सहा-आठ, सहा-आठ करत मोठी झाली, तिला नोकऱ्या लागल्या, पोट सुटले, आणि मग एके दिवशी कुणीतरी माळ्यावरची जुनी कॅसेट झाडून तो तुकडा इंटरनेटवर चढवला.

•

तुकड्याखाली लोकांनी लिहिलेले:

डोळ्यांत पाणी आलं. काय दिवस होते.

तेव्हा टीव्हीवर संस्कार होते. आता काय आहे?

माझ्या मुलाला दाखवलं. तो म्हणाला, बाबा, हिला मोजता येत नाही. मी त्याचा फोन काढून घेतला.

आमचं शिक्षण या मुलीने केलं.

(याला कुणीतरी उत्तर दिले होते: दिसतंय.)

ही हल्ली कुठे असते?

•

ही हल्ली ऑपरेशन थिएटरमध्ये असते. मुलांनो, ही हिरवी टोपी. टोपीखाली कोण आहे? बरोबर. भूल देणाऱ्या डॉक्टर.

डॉक्टरबाईंची पद्धत जुनी आणि साधी होती. शिरेतून औषध सोडताना त्या रुग्णाला मोजायला सांगत. पडद्यावर नाडी, श्वास, सगळे दिसतच असे, पण त्यांचा खरा भरवसा कानावर. आवाज कुठे जड होतो, कोणता अंक घसरतो, कोणता गळतो. अंक गळला की माणूस निघाला.

आणि आता, ती बदकांवाली मुलगी हीच हे कळल्यावर, प्रत्येक रुग्ण मुद्दाम सात गाळू लागला.

पहिल्याने केले तेव्हा थिएटरमधले सगळे हसले. त्याही हसल्या. पुढच्या आठवड्यात हर्नियावाल्याने केले, मग गुडघेवाल्या बाईंनी. मग एक पोस्टमास्तर "सहा… आठ" म्हणून गप्प पडले. डोळे मिटलेले, जबडा सैल. डॉक्टरबाईंनी नळी घालायला त्यांची हनुवटी वर उचलली, तर मास्तरांनी एक डोळा उघडला.

"फसवलं की नाही?"

सर्जनसाहेब पोट धरून हसले. डॉक्टरबाईंनी मात्र हातातली नळी खाली ठेवली. आज हा जागा असताना मला वाटले, झोपला. उद्या उलटे होईल.

"साहेब, हे कुठेतरी थांबायला हवं," त्या म्हणाल्या.

"अहो, माणसं हसत हसत झोपतायत. याहून काय पाहिजे?" साहेब हात धूत म्हणाले. "आणि खरं सांगू? तुमच्याबरोबर काम करतो हे मी घरी सांगितलं तेव्हा बायकोने पहिल्यांदाच मला विचारलं, आज काय काय झालं म्हणून."

•

क्षमस्व. थोडा व्यत्यय आला आहे.

(आईचा फोन आहे.)

"अगं, भाजीवाल्याने ओळखलं. मीच सांगितलं म्हणा आधी. मला रांगेतून पुढे घेतलं त्याने."

"आई, मी कामात आहे."

"तेच सांगतेय, तुझ्या शाळेत एवढे नंबर आले, कुणी रांगेतून पुढे घेतलं होतं का मला?"

व्यत्यय संपला.

•

निर्माता आला तेव्हा डॉक्टरबाईंच्या टेबलावर डबा उघडा होता. तो झाकायचीही त्याने वाट पाहिली नाही.

"मॅडम, पुनर्भेटीचा कार्यक्रम करतोय. तोच सेट, तीच बदकं, तुम्ही. नाव ठेवलंय 'आठवणीतले आठ'. कळलं ना? आठ, आठवण."

"कळलं. तुमचं वय काय हो?"

"एकोणतीस."

"म्हणजे तुम्ही हे पाहिलेलंच नाही."

"नाही, पण मला खूप आठवतं," निर्माता म्हणाला, आणि त्याचे डोळे खरोखर भरून आले.

डॉक्टरबाईंनी डब्याचे झाकण लावले. त्यांच्या मनात एक गोष्ट आली, आणि ती इतकी सोपी वाटली की आपल्याला आधी कशी सुचली नाही याचे त्यांना नवल वाटले. ज्या पडद्यावरून हे सुरू झाले तिथूनच ते संपवायचे.

"येईन. पण मी सरळ मोजणार. एक ते दहा, मधे सात. आणि मग लोकांना एक विनंती करणार, की टेबलावर आडवे व्हाल तेव्हा नीट मोजा."

"शंभर टक्के! फार हृद्य होईल."

"हृद्य व्हायला नको. कळायला हवं."

"तेही होईल," निर्माता म्हणाला.

•

मुलांनो, सांगा पाहू, या चित्रात काय चुकले आहे?

स्टुडिओत पन्नाशीची माणसे पुठ्ठ्याच्या पिवळ्या चोची लावून बसली आहेत. एका बँक मॅनेजरांची चोच सारखी घसरते आहे आणि त्यांची बायको ती सारखी वर करते आहे. तळे तसेच्या तसे केले आहे. जुन्या तळ्याच्या कोपऱ्यात चहा सांडल्याचा डाग होता, तोसुद्धा कलाविभागाने संशोधन करून रंगवला आहे. फक्त खिळा तेवढा कुणी केलेला नाही, कारण खिळ्याचे कुणाला माहीतच नाही.

माहीत असलेला माणूस रंगपटात भेटला. दोरीवाले काका. त्यांचा हात आता थरथरत होता, पण डॉक्टरबाईंना त्यांनी चटकन ओळखले.

"पोरी, खिळा होता गं तो. मी त्या सुताराला आदल्या दिवशी बजावलं होतं, ठोकून आडवा कर म्हणून. ऐकेल तर ना."

"काका, हे तिथे सांगाल? सगळ्यांसमोर?"

"सांगेन की. त्यात काय लपवायचंय?"

डॉक्टरबाईंना एकदम हलके वाटले.

मग दिवे लागले, निवेदिकेने काकांना हाताला धरून पुढे आणले. काका उभा जन्म पुठ्ठ्यामागे बसलेले. आता तीन कॅमेरे त्यांच्याकडे तोंड करून उभे होते आणि दोनशे चोची त्यांच्याकडे वळल्या होत्या.

"काका, आज खरं खरं सांगायचं हं," निवेदिका लाडाने म्हणाली. "त्या दिवशी सात कुठे गेला होता?"

काकांनी समोर पाहिले. डॉक्टरबाईंकडे पाहिले. मग पुन्हा समोर.

"मुद्दाम ठेवला होता मी मागे," काका म्हणाले. "मुलांनी विचार करावा म्हणून."

टाळ्या थांबेनात. बँक मॅनेजरांनी चोच काढून डोळे पुसले. काका इतके उजळले होते, की डॉक्टरबाईंना धड रागावताही येईना.

मग त्यांची पाळी आली. बदके निघाली. एक. दोन. प्रेक्षक पुटपुटू लागले. पाच. सहा. तळे रिकामे. निर्मात्याने सातवे बदक ठेवलेच नव्हते. दोनशे माणसे श्वास रोखून, ओठ पुढे काढून 'आठ'साठी तयार.

"सात," डॉक्टरबाई म्हणाल्या.

अशी शांतता त्यांनी फक्त थिएटरमध्ये ऐकली होती.

"आठ. नऊ. दहा," त्यांनी मोजणे पुरे केले.

"अहो, असं काय करता?" मागून एक गृहस्थ म्हणाले.

"आम्ही एवढ्या लांबून आलो," त्यांच्या शेजारची बाई म्हणाली.

"मी समजावून सांगते," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सांगितले. औषध कसे चढते, अंक का मोजायचे, पोस्टमास्तरांनी काय केले, आणि तसे करताना कधीतरी एखाद्याचा जीव कसा जाईल. सगळ्यांनी मन लावून ऐकले. शेवटी निवेदिकेने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"किती गोड बोलता हो तुम्ही. आता एकदा आपलं जुनं होऊन जाऊ दे?"

"नाही."

"एकदाच!" बँक मॅनेजर ओरडले.

"नाही."

"माझ्या बहिणीला सांगितलंय मी, तुम्ही म्हणणार म्हणून!"

डॉक्टरबाई चौथऱ्यावरून उतरल्या. उतरताना त्यांना रडू आले नाही, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. रडल्या असत्या तर तेही दाखवले असते.

•

कार्यक्रम लागला तेव्हा आईने शेजारच्या दोघींना बोलावून ठेवले होते. पडद्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "सहा." मग हसणारा एक गृहस्थ दिसला. मग रिकामे तळे. मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "आठ."

पोस्टमास्तरांची गोष्ट कुठेही नव्हती. जीव जाण्याचे बोलणे संगीताखाली गेले होते. ओठ हलताना दिसत होते आणि वर बासरी.

"छान झालं," आई म्हणाली. "अगदी तेव्हासारखं."

"आई, मी सात म्हटलं होतं."

"म्हटलं असशील."

"तू तेव्हा तिथे होतीस. बदक अडकलेलं तू पाहिलंस."

"पाहिलं की. आणि त्या साहेबांना जाऊन सांगितलंही, की माझ्या मुलीचं चुकलेलं नाही. ते म्हणाले, बाई, चुकलं म्हणून तर गोड आहे." आईने टीव्हीचा आवाज कमी केला. "मग मी म्हटलं, गोड तर गोड. बरोबर असण्याला कोण विचारतंय इथे?"

शेजारणींपैकी एकीच्या गळ्यातल्या गाठीचे पुढच्या महिन्यात ऑपरेशन होते. तिने विचारले, "मला तुम्हीच भूल देणार ना? मी आत्तापासून पाठ करतेय."

•

इथून पुढचे जरा भरभर.

रुग्णालयाने प्रवेशद्वाराशी फलक लावला: सहा, आठ, गाढ झोप. खाली बदक.

डॉक्टरबाईंनी मोजणे बंद करून वार म्हणायला सांगितले. वारांचेही एक जुने गाणे होते असे निघाले. त्यात गुरुवारी माकड पडते, आणि तिथे सगळे हात वर करतात. एकाच्या हातातली सुई निघाली.

मग मुळाक्षरे. मुळाक्षरे तर सर्जनसाहेबांनाच येत होती, चालीसकट. "क"पाशी त्यांनी सूर लावला, परिचारिकांनी उचलून धरला, आणि सगळे "ज्ञ"पर्यंत जाऊन थांबले तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आले, की टेबलावरच्या माणसाचा आवाज मघापासूनच येत नव्हता. तो कोणत्या अक्षराला झोपला हे कुणीच सांगू शकले नाही. झोपला आहे एवढे पडद्याने सांगितले. पण डॉक्टरबाईंच्या कानाने नाही.

त्या रात्री त्यांनी राजीनामा लिहिला नाही. लिहावासा वाटला, इतकेच.

•

मुलांनो, हा शेवटचा माणूस. हा लिफ्ट दुरुस्त करतो. याच्या पित्ताशयात खडे झाले आहेत.

"मोजा," डॉक्टरबाई म्हणाल्या. दुसरे काही उरले नव्हते.

"किती?"

"येतील तितके."

औषध सुरू झाले. माणूस छताकडे बघत, कामाच्या आवाजात मोजू लागला. एक. दोन. सर्जनसाहेबांनी परिचारिकेकडे बघून भुवई उडवली. चार. पाच. मुखपट्ट्यांच्या आत सगळे आधीच हसू लागले होते.

"सहा," माणूस म्हणाला. "सात."

साहेबांची भुवई जागच्या जागी राहिली.

"अहो," ते म्हणाले, "तुमच्याकडे टीव्ही नव्हता का लहानपणी?"

"होता ना."

"मग बदकं नाही बघितली?"

"ती होय?" माणसाने आठवून बघितले. "कंटाळवाणं होतं ते. ते लागलं की आम्ही बाहेर पळायचो खेळायला." मग त्याने मान वळवून डॉक्टरबाईंना विचारले, "पुढे मोजू?"

"मोजा," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी औषध किंचित सावकाश सोडले. घाई नव्हती.

"आठ." हा स्वच्छ होता. "नऊ." याचा शेवट लांबला. "दहा" म्हणताना जीभ जड झाली, "अकरा"मधला र सुटून गेला, आणि बाराच्या जागी नुसता श्वास आला. डॉक्टरबाई त्याच्या तोंडाशी वाकून ऐकत होत्या. कितीतरी दिवसांनी त्यांना माणूस झोपताना ऐकू आला होता.

"झोपले," त्या म्हणाल्या.

"नक्की?" साहेबांनी विचारले.

"नक्की."

"कंटाळवाणं म्हणे," पुटपुटत साहेबांनी सुरीसाठी हात पुढे केला. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"साहेब," डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्याचं फक्त पित्ताशय काढायचंय."