न बसलेला चटका

काहीतरी जळल्याचा वास आला म्हणून भिंगरीने इस्त्री झटकन उचलली. खालचा शर्ट पांढराशुभ्र होता. टेबलावरचं जाड कापड तिने चाचपलं, इस्त्रीची वायर पाहिली. मग तिची नजर स्वतःच्या डाव्या हाताकडे गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कडेने भाजून पांढरं पडलं होतं, कातडी सुटली होती.

दुखत मात्र नव्हतं. तिने त्या जागी नख टोचून पाहिलं. दुसऱ्याच कुणाच्या बोटाला टोचावं तसं वाटलं.

काउंटरवर आत्या एका गिऱ्हाइकाला कोटावरचा डाग का निघणार नाही ते समजावत होती. लाँड्री आत्याची. आई-वडील गेल्यावर भिंगरीला तिनेच वाढवलं होतं, आणि एका जागी बूड टेकत नाही म्हणून हे नावही तिनेच पाडलं होतं. भिंगरी आता पंचविशी ओलांडलेली बाई होती, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. आत्याचं आणि तिचं एकाच गोष्टीवरून वाजायचं, ते म्हणजे स्केटबोर्ड. आत्या त्याला 'ती फळी' म्हणायची. चार चाकांवरूनच जायचंय तर गाडी शीक, निदान कपडे तरी पोचवशील, हे तिचं ठरलेलं वाक्य.

म्हणूनच पडल्याचं भिंगरीने घरी सांगितलं नव्हतं.

बागेच्या टोकाला स्केटिंगसाठी सिमेंटचा एक खोल, गोल खड्डा बांधलेला होता. सगळे त्याला विहीर म्हणत. काठावरून बोर्डसकट आत झेपावायचं आणि वेगाच्या जोरावर समोरच्या भिंतीवर चढायचं. गेल्या आठवड्यात तिथे चाकाखाली खडा आला आणि ती पाठीवर आपटली. मानेला जोराचा हिसडा बसला. हेल्मेट होतं, म्हणून ती हसतच उठली. मान दोन-तीन दिवस अवघडली. मग डाव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. शर्टाची बटणं लागेनात. हात अवघडला असेल, असं ती स्वतःलाच बजावत राहिली.

आता बोटं भाजून निघाली होती आणि त्याचा तिला पत्ता नव्हता.

तिने बोटांना चिंधी गुंडाळली. आत्याने विचारलं तेव्हा थोडासा चटका बसला म्हणाली, आणि तो बसल्याचं कळलंच नाही हे सांगायला तिची जीभ रेटेना. संध्याकाळी दुकानातून निघाली ती बोर्ड घेऊन थेट बागेत गेली. घाबरलेल्या माणसाचं डोकं कसं चालेल ते सांगता येत नाही. तिच्या मनाने घेतलं, की एकदा विहिरीत नीट उतरता आलं म्हणजे आपल्याला काहीही झालेलं नाही.

विहिरीपाशी लंब्या होता. घरोघरी जाऊन फ्रिज दुरुस्त करणारा हा माणूस काम संपलं की बोर्ड घेऊन इथे यायचा. तो बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होता. चालताना पाय का घासतेस, असं त्याने सहज विचारलं. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तिने बोर्डची मागची बाजू काठावर टेकवली आणि उजव्या पायाने दाबून धरली. पुढची चाकं पोकळीवर अधांतरी आली. आता डावा पाय पुढच्या चाकांवर ठेवायचा आणि सगळं वजन पुढे टाकायचं. हजारदा केलेली गोष्ट. तिने पाय ठेवला.

पण ठेवला की नाही, तेच तिला कळेना.

तिने खाली पाहिलं. पाय बोर्डवर होता. नजर वर उचलली की तो नाहीसा व्हायचा. गुडघ्याखाली नुसतं काहीतरी लोंबत असल्यासारखं. खाली सिमेंट, मधे काही नाही. पाय मागे घ्यावा तर तो सांगितलेलं ऐकेल याची खात्री नव्हती. सगळा भार उजव्या पायावर होता. मोठ्याने हाक मारली तर तेवढ्या हिसक्यानेही तोल जाईल, अशी तिला धास्ती वाटली.

"लंब्या," ती हळूच म्हणाली, "मला धर. माझा पाय कुठे आहे ते मला कळत नाहीये."

तो थट्टा समजला असता, तर पुढची गोष्टच वेगळी झाली असती. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि नाडी तशीच सोडून तो आला. मागून कमरेला मिठी घालून त्याने तिला अलगद काठापासून दूर घेतलं आणि जमिनीवर आडवं केलं. मान हलवू नकोस, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. मग त्याने ॲम्ब्युलन्स बोलावली.

हॉस्पिटलमध्ये तिच्या मानेला कडक पट्टा घालून तिला एमआरआय यंत्राच्या बोगद्यात सरकवलं. हलायचं नाही, अशी ताकीद होती. आतल्या खडखडाटात ती पायाचा अंगठा हलवण्याचा मनोमन हुकूम देत होती आणि तो हलला की नाही हे बघायची सोय नव्हती. आपण उद्यापासून उशीवर ठेवलेलं एक डोकं तेवढं उरणार, असं तिला वाटलं. तिला आत्या हवी होती.

आत्या आली ती कुणाचा तरी अर्धवट घडी घातलेला शर्ट हातात घेऊनच. डॉक्टरीण बाईंनी समजावलं, की मानेच्या मणक्यांमधली गादी सरकून मज्जारज्जूवर दाबतेय, सकाळीच ऑपरेशन करावं लागेल. आणखी एकदा आपटली असती तर काय, असं आत्याने विचारलं.

"तर आज आपण वेगळंच बोलत असतो," बाई म्हणाल्या.

आत्या रागावण्याची भिंगरी वाट पाहत होती. आत्या रागावली नाही, तेव्हा ती जास्तच घाबरली. आत्याने तिच्या हाताची चिंधी सोडली, भाजलेली बोटं पाहिली आणि विचारलं, "हे तुला कळलंच नाही?"

"नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं."

आत्याने तो शर्ट तोंडाला लावला आणि खिडकीकडे वळली.

ऑपरेशन नीट पार पडलं. पाय आधी परतला. मग हळूहळू हात. करंगळी अर्धवट बधिरच राहिली. इस्त्रीवर आता आत्या तिला उजवा हातच चालवू देते, डाव्यात हातमोजा. सपाट जमिनीवर बोर्ड चालवायचं पुढच्या वर्षी बघू, पण विहीर कायमची बंद, असं डॉक्टरीण बाईंनी स्पष्ट सांगितलं. ते ऐकून तिला रडू आलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. अजूनही झोपेतून जागी झाली की ती आधी पाय हलवून बघते.

उन्हाळ्यात एका दुपारी आत्या म्हणाली, ती जागा मला दाखव. बागेत पोचल्यावर आत्या काठाशी गेली, वाकून आत डोकावली आणि दोन पावलं मागे सरून मटकन बाकावर बसली.

"तू इथून खाली जायचीस?"

"हो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

पलीकडे लंब्या काठावर बोर्ड लावून उभा होता. तो आत झेपावला तशी आत्याने भिंगरीचं मनगट घट्ट पकडलं. लंब्या समोरच्या भिंतीवर चढला, वळला, पुन्हा खाली गेला. आत्याने मनगट सोडलं नाही, पण डोळेही मिटले नाहीत.

"उतरताना काय वाटतं गं?" तिने विचारलं.

आणि भिंगरी सांगू लागली.