डग्ग्यावरचा हात

संध्याकाळचं उतरतं ऊन सॉल्ट लेकमधल्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या फरशीवर लांब व्हायचं, आणि त्याच सुमारास माझी बायको सुमती तबल्यापाशी मांडी घालून बसायची. उजव्या हाताचे तिचे बोल लखलखीत. पण खरं वैभव डाव्याचं. डग्ग्याच्या कातड्यावर मनगट किंचित दाबून पुढे सरकवलं, की असा घुमारा उठायचा की मांडणीवरची स्टीलची भांडीही बारीक आवाजात हुंकार भरायची. बोलण्यात ती तुटक, जवळजवळ कोरडी. राग, लोभ, माहेरची ओढ, दर चार वर्षांनी गाव बदलण्याचा कंटाळा, सारं तिने त्या मनगटाच्या स्वाधीन केलेलं. ऑफिसातून आल्यावर आज घरात हवा कशी आहे, हे मला जिन्यातच कळायचं.

टाळेबंदीच्या दुसऱ्या महिन्यात, कामवाली येईनाशी झाल्यावर, तिने स्टुलावर चढून पंखा पुसायला घेतला. मी चार हातांवर लॅपटॉपसमोर मीटिंगमध्ये होतो. ‘थांब, स्टूल धरतो’ एवढं म्हणायला माझी जीभ वळली नाही, याची चीड अजून जात नाही. स्टूल कलंडलं आणि ती डाव्या तळहातावर पडली.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बहाव्याचे पिवळे घोस कुणासाठी लोंबत होते कोण जाणे. त्यांच्याखालून गाडी पळवत आम्ही एका मोठ्या इस्पितळाच्या फाटकाशी पोचलो. रखवालदाराने लांबूनच बंगालीत विचारलं, “कोविड रिपोर्ट आछे? ना थाकले होबे ना.” नसेल तर जमणार नाही, म्हणे. रिपोर्टला दोन दिवस लागणार होते. मी हुज्जत घातली, आवाज चढवला, ओळखपत्र नाचवलं. तो हुकमाचा ताबेदार, जागचा हलला नाही. शेजारी एका रिक्षात एक म्हातारे गृहस्थ धापा टाकत होते. सुमतीने त्यांच्याकडे पाहिलं.

“अहो, चला घरी. त्यांना श्वास घेता येत नाहीये, आणि मी मनगट काय घेऊन बसलेय?”

घरी आल्यावरही मी रिपोर्टचंच पालुपद लावलं, तेव्हा तिने डाव्या हाताची बोटं जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि दादऱ्याचा ठेका वाजवून दाखवला. “बघा, बोटं चालताहेत. हाड मोडलं असतं तर हलली असती का? मुका मार आहे.” मनगट तिने हलवलं नाही. तिचे ओठ पांढरे पडलेले मला दिसले होते. तरी मला पटलं, कारण मला पटवून घ्यायचंच होतं. त्या फाटकाशी पुन्हा जायची माझी छाती नव्हती. मग आंबेहळदीचे लेप, गरम पट्ट्या, आणि रोज विचारल्यावर तिचं ठरलेलं ‘बरंय’.

दोन महिन्यांनी एक्स-रे निघाला. अंगठ्याच्या मुळाशी असलेलं मनगटातलं छोटं हाड मोडून तसंच राहिलं होतं, त्याचा रक्तपुरवठा आटला होता. शस्त्रक्रियेने दुखणं कमी होईल, पण मनगट पूर्वीसारखं वळणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. वर म्हणाले, “लवकर यायला हवं होतं.” कुठे यायला हवं होतं, हे विचारायची उबळ मी कशीबशी गिळली. राग त्या फाटकावर काढावा, नियमांवर काढावा, हिच्या सोसण्याच्या हौसेवर काढावा, तर तो फिरून फिरून माझ्याच दारात येऊन उभा राहतो.

ती अजून बसते. उजवा हात तसाच लखलखीत चालतो, डावा मांडीवर पडून असतो. तालात काही मात्रा खालीच्या असतात. तिथे डग्ग्याने गप्प राहायचं असतं, आणि त्या मौनामुळेच पुढची सम गोड लागते. आता सगळं आवर्तनच खालीचं झालं आहे. तिच्या मनात आज काय आहे, हे मला जिन्यातही कळत नाही आणि समोर बसूनही कळत नाही. ‘काय झालं?’ विचारलं तर म्हणते, “काही नाही.” गेलेल्या माणसाची आठवण येते तेव्हा निदान ते माणूस गेलेलं असतं, ही माझ्यासमोर बसलेली असते, वाजवत असते, आणि मला तिची आठवण येत राहते.