पुंडलिकराव बैठकीतून उठले

पांढुर्ण्यात पुंडलिकराव आल्याशिवाय कुणाची सुपारी फुटत नसे. स्वतःच्या संत्र्याच्या बागेपेक्षा त्यांचा जीव लोकांच्या सोयरिकीत रमे. हृदय कमजोर झाल्यावरही आमंत्रणं थांबली नाहीत, आणि लग्नसराईत त्यांचीच वरात दवाखान्यात जाऊ लागली. पाय सुजत, धाप लागे, आडवं होता येत नसे. औषधांनी अंगातलं पाणी उतरलं की घरी येत, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा दवाखान्याच्या त्याच खाटेवर.

तिसऱ्यांदा दाखल झाले तेव्हा डॉक्टर चक्रावले.

"मीठ खाता का?"

"मी टाकतच नाई, तं हे खातीन कुठून?" पत्नी जयवंताबाई म्हणाल्या.

"मग लघवीची गोळी?"

पुंडलिकराव छताकडे पाहू लागले. शेवटी पुटपुटले, "बैठक असली का नाई घेत. घडीघडी उठा लागते. पाहुण्यांसमोर कसं उठू?"

"अहो, गोळी सोडली की पाणी छातीत साचतं. कार्यक्रम असेल तर मला विचारा, वेळ बदलून देतो. पण सोडायची नाही."

"लोक काय म्हणतीन?"

जयवंताबाई शांतपणे म्हणाल्या, "सोताच्या पायानं उठाची लाज वाटते. उद्या चौघं उचलून नेतीन, तवा नाई वाटन का?"

छातीतलं पाणी उतरलं, हे वाक्य मात्र तिथंच राहिलं.

पुढं सौंसरला भाचीच्या सोयरिकीची बैठक होती. पुंडलिकराव गोळी घेऊनच गेले. मुलाचे वडील रघुनाथराव हुंड्यातल्या फटफटीसाठी अडून बसले होते. ऐन बोलणीत पुंडलिकराव उठले आणि चालू लागले. रघुनाथराव मागं धावले.

"पुंडलिकभाऊ, रुसू नका. फटफटी नाई मागत आमी."

पुंडलिकराव थांबले. क्षणभर घुटमळले, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "रुसलो नाई. दिलाची गोळी घेतो मी. लघवीले जाऊन राहिलो!"

हशा पिकला. कोपऱ्यातले एक आजोबा काठी टेकत उठले, "थांबा, मी बी येतो. केव्हाचा दाबून बसलो." चारचौघांत सोडलेली फटफटी रघुनाथरावांना परत मागता आली नाही.

वाचकहो, फटफटी टळली हा योगायोग. पण पुढची लग्नसराई पुंडलिकरावांनी मांडवात काढली, खाटेवर नाही. लाजेपायी औषध सोडू नका. अडचण डॉक्टरांना सांगा. आणि भरल्या बैठकीतून एखादं वडीलधारं माणूस उठलं, तर कारण न विचारता वाट मोकळी करून द्या.